शून्य ते शंभर, आणि वर डिस्काउंट

गाडी विकली की शोरूममधली जागा रिकामी होते आणि तिथे एक किस्सा येऊन उभा राहतो. रत्नागिरीत बारा वर्षं मी महागड्या सेडान विकतेय. किश्श्यांना आता पार्किंग उरलेलं नाही!

गावखडीचे बापू आंब्याचे बागायतदार. मी कौतुकाने सांगितलं, "बापू, दोनशे हॉर्सपॉवर आहे!"

"त्यातले घोडे निवळीचा घाट चढायला किती येतात गो?"

"सगळे!"

"बघूया. रिकामी गाडी कुणीपण पळवील."

त्यांनी बायकोला आणि दोन बहिणींना मागे बसवलं, डिकीत आंब्याच्या सहा पेट्या भरल्या आणि स्टिअरिंग हातात घेतलं. घाट उतरलो, परत वळून वर आलो. गाडी हूं की चूं न करता चढली. मी जिंकल्यासारखी बघत होते.

"इंजिन बरं आहे," बापू म्हणाले. "आता नाक्यावर थांबूया. मुंबईचा टेम्पो उभा असेल, पेट्या द्यायच्यात."

पेट्या दिल्या. मग बहिणींना पालीला सोडलं. गाडी त्यांनी पुढच्या हंगामात घेतली. हो, परत एक टेस्ट ड्राइव्ह करून!

कांबळे बाई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांना आमचे मॅनेजर सावंतसाहेब स्वतः माहिती देत होते. "शून्य ते शंभर, फक्त आठ सेकंदांत!"

"आणि शंभर ते शून्य?" बाईंनी विचारलं. "हायवेवर म्हैस आडवी आली की तेच लागतं."

साहेब पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा बाई आमचं मराठी ब्रोशर लाल पेनने तपासत होत्या.

"शुद्धलेखनाच्या अकरा चुका. चुकीला हजार रुपये डिस्काउंट."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. "अजून मागचं पान राहिलंय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी अकरा हजारांवर तिथल्या तिथे सही केली!

एक इंजिनिअर आले. "कोल्हापूरचा डीलर तुमच्यापेक्षा तीस हजार जास्त सोडतोय," म्हणाले आणि घडी केलेला कागद पुढे सरकवला. वर नाव आमच्या शोरूमचं, खाली सही माझी!

"अहो, हे आमचंच कोटेशन आहे."

"माहितेय. माझ्या साडूला दिलंत. मग मला का नाही?"

त्यांना तेवढाच डिस्काउंट दिला. दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन. "मॅडम, मला आणखी डिस्काउंट नको. फक्त त्यांना माझ्यापेक्षा कमी दिलाय, असं बायकोला सांगा. ती शेजारीच आहे, देतो हं फोन!"

आणि राजीवड्याचे हसनचाचा. पंचवीस वर्षं कुवेतला एका शेठकडे ड्रायव्हर होते. बॉनेट उघडून त्यांनी इंजिन डोळे मिटून ऐकलं. किमतीबद्दल एक शब्द नाही. मी चावी पुढे केली, तर चाचा मागचं दार उघडून आत बसले.

"चाचा, पुढे या ना! चालवून बघा."

"पुढची सीट मला पाठ आहे, बाय. मागे कसं वाटतं ते बघूदे."

मी गाडी भाट्ये पुलावरून नेली. आरशात दिसत होतं, चाचा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेत. पूल संपता संपता त्यांनी हळूच पाठ टेकली. बराच वेळ बाहेर बघत होते.

"आता घरी घे," म्हणाले.

राजीवड्यात चाची दारातच उभ्या होत्या. चाचा उतरले, मागचं दार उघडून धरलं आणि किंचित वाकले. चाची लाजत, इकडेतिकडे बघत आत बसल्या. चाचांनी दार आवाज न करता लावलं. मला शेजारच्या सीटवर सरकायला सांगितलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि आरसा नीट केला.

"कुठे न्यायचं, मॅडम?"

चाचींनी ओढणी सावरली.

"पहिल्यांदा माझ्या बहिणीच्या दारावरून," त्या म्हणाल्या. "आणि जरा हळू चालवा!"