लाल सिग्नल ओलांडायचा परवाना

दुपारी दोनची वेळ, डोक्यावर जयपूरचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि वैशाली नगरच्या चौकात एक पासष्टीचा गृहस्थ लाल दिव्यासमोर स्कूटर बंद करून ताठ उभा. मागून कुणी हॉर्न वाजवला तर मान वळवून तो शांतपणे सांगणार, "भाईसाहब, लाल है।" यापुढे बोलण्यासारखं काही उरतं असं त्याला वाटतच नसे. हे विष्णुपंत उकिडवे. मूळचे मिरजेचे. रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस इकडेच, आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले.

स्वभावाने तसे गोड माणूस. पण घरात काही बिघडलं की त्यांच्या अंगात इन्स्पेक्टर संचारे. मिक्सर, नळ, शेजाऱ्यांची दारावरची घंटा, सगळ्यांची तपासणी होई आणि एका जाडजूड वहीत नोंद होई: तारीख, वेळ, दोष काय, दोष कुणाचा, शेरा. "दोष कुणाचा" या रकान्यात इतक्या वर्षांत त्यांचं स्वतःचं नाव एकदाही आलं नव्हतं. प्रभाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ही वही एकदा चाळली होती आणि तीन ठिकाणी आपलं नाव बघून मिटून ठेवली होती.

२००७ सालच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाला, अनिरुद्धला, सिंगापूरला मुलगी झाली. विहीणबाई बाळंतपणासाठी आधीच तिकडे जाऊन पोहोचल्या होत्या. प्रभाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलेली. पहिली नात, आणि तिच्या बारशाला आजी हजार कोसांवर पाय लांब करून बसलेली. दोन दिवस त्यांनी रेडिओसुद्धा लावला नाही. मग अनिरुद्धनेच तोडगा काढला. रविवारी सकाळी साडेआठला कॉम्प्युटरवर कॅमेरा लावून आई-बाबांनी बारसं बघायचं, आणि पाळणा आईने म्हणायचा. तिकडे पाळण्याजवळ कॉम्प्युटर ठेवू, सगळे ऐकतील.

प्रभाताईंचा चेहरा असा खुलला की विष्णुपंतांना बरं वाटलं. प्रभाताईंनी त्याच दुपारी पाळणा रचायला घेतला. एक-एक दिवसाचं एक-एक कडवं, बारा दिवसांची बारा. विष्णुपंत डोकावले की कागद उपडा.

"अहो, तेव्हाच ऐका," त्या म्हणायच्या. "आत्ता ऐकलंत तर वहीत दोष लिहाल."

बुधवारी रंगीत तालीम झाली. पडद्यावर अनिरुद्ध दिसला, पण त्याचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. मध्येच त्याचा जांभई दिल्यासारखा चेहरा गोठून जाई.

"माझ्या पाळण्याची अशीच रेवडी उडणार," प्रभाताई म्हणाल्या.

"मी आहे ना," विष्णुपंत म्हणाले. "बघतो."

आणि त्यांनी बघितलं. इंटरनेटवर एक जाहिरात लुकलुकत होती. तुमचा कॉम्प्युटर मंदावला आहे का? फुकट तपासून घ्या, एका झटक्यात सुसाट करा. तपासणी हा शब्द दिसल्यावर विष्णुपंतांना मोह आवरणं शक्यच नव्हतं. त्यांनी तो प्रोग्राम उतरवून घेतला. कॉम्प्युटरची तपासणी झाली आणि पडद्यावर लालभडक चौकट उघडली: एक हजार तीनशे बारा दोष. स्थिती गंभीर.

विष्णुपंत खुर्चीत मागे सरकले. त्यांनी हात कीबोर्डवरून उचलला तो उचललाच. लाल म्हणजे थांबायचं. छत्तीस वर्षांत त्यांच्या देखरेखीखालचा एकही लाल सिग्नल कुणी ओलांडला नव्हता, आणि आता तो स्वतःच्या बैठकीत पेटला होता.

दुरुस्तीसाठी पूर्ण आवृत्ती विकत घ्या, असं चौकट सांगत होती, आणि त्याला क्रेडिट कार्ड लागत होतं. ते अनिरुद्धकडे. त्याला विचारायचं म्हणजे झालेला घोटाळा सांगणं आलं. मग त्यांनी आपली पद्धत काढली. वही उघडली आणि एकेक दोष उतरवून घ्यायला बसले. नावं वाचून काही बोध होत नव्हता, पण दोष म्हटला की नोंद झालीच पाहिजे. गुरुवारी रात्रीच्या जेवणापर्यंत दोनशे चौदा उतरवून झाले. दर पंधरा मिनिटांनी लाल चौकट आपण होऊन पुढे येई, आणि दर वेळी विष्णुपंत पेन खाली ठेवून मुकाट बसून राहत. कॉम्प्युटर एव्हाना सुसाट व्हायचा सोडून इतका सुस्तावला होता की तो सुरू होईपर्यंत त्यांचा चहा होई.

शुक्रवारच्या तालमीत अनिरुद्ध दिसलाच नाही. नुसता "हॅलो, हॅलो" ऐकू आला आणि तोही बंद पडला.

"काय झालं हो?" प्रभाताईंनी विचारलं. हातात पाळण्याचा कागद होता.

"लाइनचा प्रॉब्लेम," विष्णुपंत म्हणाले.

जन्मभर लाइनवाले दोष सिग्नलवाल्यांवर ढकलत आले म्हणून कुरकुरणारा हा माणूस, आज स्वतः लाइनवर ढकलून मोकळा झाला. रात्री त्यांना पोळी जाईना. प्रभाताईंनी मात्र कागदाची घडी केली आणि उशीखाली ठेवली, आणि ते बघून त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी त्यांनी पुन्हा तपासणी लावली. दोष एक हजार तीनशे सत्तेचाळीस. रात्रभर कॉम्प्युटर बंद होता. कुणी त्याला बोट लावलं नव्हतं. मग पस्तीस दोष वाढले कुठून? विष्णुपंतांनी चष्मा पुसला. लगेच तिसऱ्यांदा तपासणी लावली. एक हजार तीनशे साठ.

इथे त्यांच्यातला खरा इन्स्पेक्टर जागा झाला. चौमूंजवळ एकदा मालगाडी दोन तास लाल सिग्नलपुढे खोळंबली होती. सगळे पुढच्या रुळावर अडथळा शोधत फिरत होते. तेव्हा इकडे नव्यानेच आलेल्या विष्णुपंतांनी सांगितलं होतं, रूळ मोकळा असूनही लाल दिसतोय, तर रुळाला कशाला विचारता, सिग्नलला विचारा. आणि बिघाड सिग्नलमध्येच निघाला होता. तर आताही सिग्नल तपासायला आधी मोकळा रूळ हवा. म्हणजे एक निर्दोष कॉम्प्युटर हवा.

ते तडक मनोहरजींच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर त्यांनीच विकला होता. पन्नाशीचा, पानाने लाल ओठांचा, वर्तमानपत्र वाचत बसलेला माणूस.

"मनोहरजी, बिलकुल नया कॉम्प्युटर है? आज ही खोला हुआ?"

"है ना बाबूजी। लेना है?"

"जाँचना है।"

विष्णुपंतांनी सगळी हकीकत सांगितली. मनोहरजी आधी हसले, मग त्यांनाही कुतूहल वाटलं. पेटीतून सकाळीच निघालेल्या, कुणीही न वापरलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी तोच प्रोग्राम उतरवला. दोघंही पडद्याकडे बघत उभे राहिले. लाल चौकट उघडली. एक हजार दोनशे सहा दोष. स्थिती गंभीर.

"देख लो," मनोहरजी म्हणाले. "ये बीमारी खुद डॉक्टर बनके बैठी है। डराती है, फिर दवा बेचती है।"

विष्णुपंतांना इतका आनंद झाला की त्यांनी मनोहरजींचा हात हातात घेऊन हलवला. सिग्नल खोटा होता! मग लगेच संतापही आला. लाल रंगाशी असा खेळ? लाल दिवा खोटं सांगायला लागला तर उद्या खऱ्या लालपुढे कोण थांबेल? हे त्यांनी मनोहरजींना दहा मिनिटं समजावून सांगितलं. मनोहरजींनी पान लावून घेतलं आणि सगळं ऐकलं.

मग कामाचं बोलणं झालं. प्रोग्राम कसा काढायचा ते मनोहरजींनी कागदावर लिहून दिलं. पण या जातीचा प्रोग्राम एकटा येत नाही, दुसऱ्या नावाने एखादा जोडीदार आत दडवून ठेवतो. तो हुडकायला स्वतः यावं लागेल, आणि त्यांना आज चौमूंला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. "सोमवार को पूरा साफ़ कर दूँगा। कल लाल डिब्बा आ भी जाए तो किसी बटन को मत छूना, बस कोने का काटा दबाना और आगे बढ़ना।"

घरी येऊन विष्णुपंतांनी कागदाबरहुकूम प्रोग्राम काढला. कॉम्प्युटर खडखडीत बरा झाल्यासारखा चालू लागला. आणि अर्ध्या तासाने लाल चौकट आली. नाव वेगळं, रंग तोच. कोपऱ्यातली फुली दाबायची एवढंच काम. विष्णुपंतांनी माउसवर हात ठेवला आणि हात जागचा हलेना. डोक्याला पटलं होतं, सिग्नल खोटा आहे. बोटाला पटत नव्हतं. उद्या ऐन पाळण्यात हे झालं तर?

त्यांनी माउस बाजूला सारला. मग उठले, कोरा कागद घेतला आणि घोटीव अक्षरात लिहू लागले. रेल्वेत बिघडलेला लाल सिग्नल ओलांडायचा तर ड्रायव्हरला लेखी परवाना लागतो. तो सिग्नलवाला स्वतःला देऊ शकत नाही. स्टेशन मास्तरची सही लागते.

कागद घेऊन ते प्रभाताईंसमोर उभे राहिले. त्यांनी वाचला. सिग्नल: बैठकीतला कॉम्प्युटर. स्थिती: कायम लाल, खोटा. बिघाड कशाने: न विचारता उतरवलेला प्रोग्राम. दोष कुणाचा: वि. गो. उकिडवे.

"काल लाइन चांगली होती," विष्णुपंत म्हणाले. "मी खोटं बोललो. तुझ्या पाळण्यासाठी करायला गेलो आणि तोच बुडवायची वेळ आणली."

 "दोष कुणाचा" या रकान्यावरून प्रभाताईंनी अंगठा फिरवला.

"सही कुठे करू?" त्यांनी विचारलं.

"खाली. स्टेशन मास्तर म्हणून."

त्यांनी झोकात सही केली. "हा कागद मी फ्रेम करून घेणार आहे हं," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या.

रविवारी साडेआठला पडदा उजळला. पैठणीतली संपदा, सूनबाई, बाळाला घेऊन बसलेली. मागे फुलांचा पाळणा, विहीणबाई, अनिरुद्ध. रविवारची सकाळ असल्याने लाइनवर गर्दी नव्हती, ओठ आणि आवाज बरोबर चालले होते. बाळाला पाळण्यात घातलं, कानात नाव सांगितलं. निशिगंधा. मग प्रभाताईंनी सूर लावला. परवाना कीबोर्डशेजारी ठेवलेला होता.

पहिला दिवस झाला, पाचवी झाली, दहावा झाला. तिकडे विहीणबाई पदराने डोळे टिपत होत्या. प्रभाताईंनी शेवटचं कडवं घेतलं,

"बाराव्या दिवशी सुटली गाडी,
आजोबा दाविती हिरवी झेंडी..."

आणि नेमकी लाल चौकट आली. बाळ, पाळणा, सगळं तिच्यामागे गेलं. विष्णुपंतांचा हात माउसवर होता आणि तो थबकला. प्रभाताईंनी गाणं थांबवलं नाही. त्यांनी फक्त डाव्या हाताने परवाना त्यांच्या बाजूला सरकवला, आणि "हिरवी झेंडी" पुन्हा एकदा म्हटलं.

विष्णुपंतांनी फुली दाबली. चौकट गेली. पडद्यावर निशिगंधा मूठ चोखत होती आणि "जो बाळा जो जो रे जो" सिंगापूरपर्यंत सुखरूप पोहोचलं.

नंतर चहा पिताना त्यांनी पेन काढून परवान्यावर सिग्नल ओलांडल्याची वेळ लिहिली, आठ एक्कावन्न. शेऱ्याची जागा रिकामी होती.  प्रभाताईंनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, "आजोबा जागेवर हजर होते."