मेज मांडणाऱ्या काकू

रंगमंचावर मी पुष्कळ मरणं मेलो, पुष्कळ पश्चात्ताप केले, आणि पडदा पडल्यावर चेहऱ्याचा रंग पुसून घरी गेलो. आता म्हातारपणी आमच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पुढे उभा राहतो. आवाज बसलाय, तोरा तेवढा शिल्लक आहे. पण श्वास रोखून बघावं असं दृश्य मला थिएटरात नाही, इथे बघायला मिळालं. ते मेजवाल्या काकूंमुळे.

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायच्या विधीचं, मेज काकू मांडायच्या. सगळ्यांच्या आधी येऊन पांढरी चादर अंथरायच्या, टोकं सारखी पडलीत का ते मान वाकडी करून बघायच्या, प्याला फडक्याने पुसून पुन्हा उजेडात धरायच्या. भाकरीचे तुकडे करताना कडक कडा काढून टाकायच्या. म्हणायच्या, "पाळकसाहेबांना बत्तीस दात आहेत. मंडळीतल्या म्हाताऱ्यांचा विचार कोण करणार?"

एवढं सगळं करून बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. मंडळी रांगेने पुढे जायची, भाकर घ्यायची, प्याला घ्यायची. काकू जागच्या हलायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "रांधणारीची भूक वासानेच मरते." लोक हसायचे आणि विसरायचे.

खरं कारण मला ठाऊक होतं, कारण त्यांचे यजमान, म्हणजे काका, माझे दोस्त. काका आणि आमच्याच मंडळीतला एक रंगारी, दोघांची रंगकामाची जोडी होती. एक शिडीवर, एक शिडीच्या पायाशी. वरच्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत खालच्याने शिडी सोडायची नाही, ही त्यांच्या धंद्यातली रीत. एके दिवशी रंगारी शिडी सोडून चहा प्यायला गेला. काका वरून कोसळले आणि कमरेखालून कायमचे लुळे झाले.

दवाखान्यात रंगारी खाटेच्या पायाशी हमसून हमसून रडत होता. काका म्हणाले, "अरे, रडतोस काय बायकांसारखा? चहा तरी चांगला होता ना?"

संपलं. माफी मागून झाली, देऊन झाली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात काकांचा दाखला दिला. सगळी मंडळी डोळे पुसत होती. काकू तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या.

"भावजी, माफ त्यांनी केलं," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "उचलायचं मात्र मला."

आणि त्यांनी उचललं. मशीनवर लोकांचे कपडे शिवता शिवता मध्येच उठायचं, काकांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पुन्हा पायडल मारायचं. काका जाईपर्यंत वर्षानुवर्षं हेच. कुणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवावं, मगच वेदीपाशी यावं, ही येशूची शिकवण काकूंनी अक्षरशः धरली होती. मनात रंगाऱ्याविषयी निखारा, म्हणून प्रभूचं मेज मांडायचं पण त्यावर जेवायचं नाही. पाळकसाहेबांना सांगायची लाज वाटत होती. काकांच्या क्षमेची कीर्ती झालेली; तिला बट्टा कोण लावणार?

मग गेल्या वर्षी काकूंच्या छातीत कळ येऊन गेली. बऱ्या झाल्यावर माझ्या दारात उभ्या. "चला सोबतीला. रंगाऱ्याकडे जायचंय. मला उपाशी मरायचं नाही."

रंगाऱ्याने आमच्यासाठी खुर्च्या झटकल्या. काकू बसल्या नाहीत. "मी तुम्हाला माफ करायला आलेय," त्या म्हणाल्या.

रंगारी गोंधळला. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काय नवीन? त्यांनी केलं की तेव्हाच. काकू, तुमचं-माझं कधी भांडण झालं?"

"भांडण व्हायला तुम्ही माझ्याकडे आलात कधी?"

"येत होतो की! रविवारी दुपारी. गप्पा मारायचो आम्ही."

"गप्पा मारायचात. तुम्ही हसून गेलात की त्यांची चादर मी बदलायची. एका हाताने त्यांना उचलून धरायचं, दुसऱ्या हाताने चादर ओढायची. माझा खांदा तेव्हापासून वर जात नाही. हे बघा." त्यांनी हात वर करून दाखवला. कानापर्यंत पोचला नाही. "तुम्ही त्यांच्याकडून सुटलात. माझ्याकडे कुणी काही मागितलंच नाही."

एखादा आपलं बोलणं विसरला तर पडद्याआडून आठवण करून द्यायची, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी मी जीभ आवरली. रंगाऱ्याने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाला, "उचलायला मी यायला हवं होतं."

"होय," काकू म्हणाल्या. "यायला हवं होतं." पदराने तोंड पुसलं आणि बाहेर पडल्या.

प्रभुभोजनाच्या रविवारी गीत सुरू झालं आणि काकू बाकावरून उठल्या. मी गात राहिलो. रांगेबरोबर त्या हळूहळू पुढे सरकत होत्या. रंगाऱ्याच्या बाकापाशी आल्या आणि थांबल्या. दर वेळी पहिल्या फळीत पुढे जाणारा तो माणूस आज मान खाली घालून बसून होता. आजूबाजूचे उठून गेले, तो उठला नाही.

रांग थबकली. गीत संपत आलं. नाटकात कुणाची एन्ट्री अडली की आम्ही गाणं लांबवायचो. मी शेवटचं कडवं पुन्हा उचललं.

काकू वाकल्या. "उठा."

"नाही काकू. आज माझा हात पुढे होणार नाही."

"मी इतकी वर्षं तेच करून बघितलं. त्याने काही होत नाही." मग जरा आवाज चढवून, "उठा हो! मागे लोक खोळंबलेत. आणि मला आता कुणाला उचलवत नाही."

मागे कुणीतरी हुंदका दिला की हसलं, सांगता येणार नाही. रंगारी बाकाचा आधार घेत उठला. काकूंनी त्याला वाट दिली, पण आधी जाऊ दिलं नाही. आपल्या शेजारी जागा करून दिली. पाळकसाहेबांसमोर दोघांनी एकदमच हात पसरले.