जनावराचा डावा हात

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. असणार कसा? मी स्वतःच भूत होते... रोजंदारीवर. मासिकाच्या या सदरातले भुतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसत हसत वाचत आले. आता स्वतःचा लिहायला बसले आहे, तर नुसती लाज वाटते. त्यापेक्षा भीती वाटली असती तर बरं झालं असतं.

मी कोल्हापूरची, राहायला कसबा बावड्यात. बाविशीत असताना इथल्याच एका स्टुडिओत कपडेपटात कामाला होते – हुक लावायचे, फाटलेलं शिवायचं. तेव्हा एका निर्मात्यानं अंतराळाचा सिनेमा काढला. प्लायवूडचं यान, त्याला चंदेरी रंग, आणि त्यातून उतरणारं परग्रहावरचं जनावर. जनावराचं कातडं रसूलमामू नावाच्या कारागिरानं केलेलं – आत गादीचा स्पंज, वरून रबर, पाठीला चेन. त्यात एक पैलवान घातला होता. तो पहिल्याच दिवशी घामानं निथळत बाहेर आला, दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि तालमीत परत गेला. दिग्दर्शकानं इकडेतिकडे पाहिलं. मी कोपऱ्यात हुक लावत बसले होते.

"हिला घाला," म्हणाला.

आणि मी येडी, खूश. सिनेमात काम मिळालं म्हणून सगळ्या गल्लीला सांगून आले. ठेवणीतली साडी, तोंडाला पावडर, डोक्यात अबोलीचा गजरा. त्या कातड्यातून माझं नखसुद्धा दिसणार नाही, हे मुंडकं चढवेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

जनावराचे डोळे माझ्या डोक्याच्या वीतभर वर होते. मला त्याच्या गळ्याला लावलेल्या काळ्या जाळीतून दिसायचं, म्हणजे काहीच दिसायचं नाही. खाली वायरी, फळ्या. म्हणून मी प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी अंगठ्यानं जमीन चाचपायची, मग अंगाचा भार टाकायची. दिग्दर्शक बेहद्द खूश. "काय चालते पोरगी... ह्या दुनियेतलं वाटतच नाही." अभिनय कसला, मी पडायला भीत होते.

सिनेमा अर्ध्यात बंद पडला. रिळं कुठे गेली कुणास ठाऊक. पण ती चाल मी घरी आणली आणि घरच्यांनी जनावराचं भूत करून टाकलं. लग्नाकार्यात कुणी "आज्जी, भूत दाखवा" म्हटलं की मी पदर खोचते, पावडर लावलेल्या त्या पोरीची नक्कल करते आणि माणसं पोट धरधरून हसतात. मीच सगळ्यात जास्त हसते.

आता खरी गोष्ट.

माझी नात ऋतुजा पुण्यात एका व्हीएफएक्स कंपनीत अ‍ॅनिमेटर आहे. जे मी घाम गाळून केलं, ते ती माउसनं करते. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी ती पडलेल्या चेहऱ्यानं घरी आली. एका मोठ्या अंतराळपटातला एक शॉट तिच्याकडे होता – जनावर यानाच्या दारातून उतरतं, वाळूवरून चालत येतं आणि थांबतं. एवढंच. पण तिचे साहेब तो सारखा परत पाठवत होते. म्हणायचे, "वजन नाही." सोमवारी शेवटचं दाखवायचं होतं. नाही जमलं तर शॉट दुसऱ्याकडे जाणार, आणि पोरगी अजून प्रोबेशनवर.

रविवारी सकाळी तिनं मला लॅपटॉपवर ते दाखवलं. अजून कातडी नाही, डोळे नाहीत, नुसतं राखाडी बाहुलं चौकटी आखलेल्या जमिनीवरून चाललेलं. तेवढ्यात शेजारची शोभा विरजण मागायला आली. माझी जीभ गप्प बसेल तर ना.

"शोभा, ये गं. आमच्या पोरीचं जनावर बघ. पाय भुईला टेकत्यात का बघ जरा."

शोभा वाकली. "मावशी, हे तर तरंगाय लागलंय की."

"तरंगंल न्हाईतर काय. आत माणूसच न्हाय. आमच्या येळंला रबराचं एक नख दाराआडनं दिसलं तरी माणसं पाय वर घिऊन बसायची. आता अख्खी शहरं पडत्यात आन पोरं निवांत पॉपकॉर्न खात्यात."

ऋतुजा म्हणाली, "आज्जी, तुला जे खरं वाटतं ना, त्यातलं निम्मं कॉम्प्युटरचं असतं. चांगलं जमलं की तुम्हाला कळतच नाही. फसलेलं तेवढं दिसतं."

"मग ह्ये दिसतंय की."

शोभा फिसकन हसली. मीही हसले. ऋतुजानं लॅपटॉप मिटला आणि आतल्या खोलीत गेली. माझी सून वर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "आई, तिची नोकरी आहे ती."

शोभा विरजण न घेताच गेली. मी उठले. मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन विचारलं, "चालून दाखवू का?"

ऋतुजा नाक पुसत होती. "चेष्टा नाही ना करणार?"

"न्हाय."

"मग शूट करते. आमच्यात रेफरन्स म्हणतात त्याला."

हॉलमध्ये टीव्हीपासून दिवाणापर्यंत मी चालले, अंगठ्यानं फरशी चाचपत. शेवटाला मला सवयीनं हसू आलंच, म्हणून दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरला. ते सगळं तिच्या मोबाईलमध्ये आलं.

जेवण झाल्यावर ती कामाला बसली. चहाच्या वेळी तिनं हाक मारली. "आज्जी, बघ आता."

राखाडी जनावर दारातून उतरलं. अंगठ्यानं वाळू चाचपली. थांबलं. मग भार टाकला, गुडघा वाकला, खांदा मागून आला. "आलं की गं वजन," मी म्हणाले.

चालत चालत ते जिथं थांबायचं तिथं थांबलं. आणि मग त्याचा डावा हात हळूच बाजूला उचलला गेला. तळवा खाली, बोटं थोडी सैल. तसंच उभं राहिलं. व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला – उतरलं, चाललं, थांबलं, हात.

"हात कशाला काढलास?" मी विचारलं.

ती स्क्रीनकडे वाकली. मग म्हणाली, "मी नाही काढला. आज्जी, खरं सांग, तू लॅपटॉपला हात लावलास?"

तिचं चुकलं नाही. मागच्या खेपेला तिचा चार्जर मीच तांदळाच्या डब्यात लपवला होता. माझा लौकिकच तसा.

"मला त्यो चालू कराय तरी येतोय का?"

तिनं मोबाईलमधला व्हिडिओ लावला. शेवटाला माझे दोन्ही हात तोंडावर, पदरात. मग लॅपटॉपवर तिनं जनावराच्या हाताची रेघ उघडली. जो अवयव हलवला, त्याची रेघ वर-खाली होते म्हणे. ही रेघ आडवी, दोरी ताणल्यासारखी. "हाताला मी काही दिलेलंच नाही," ती पुटपुटली. "हा हलतोय कसा?"

मला मात्र तो हात ओळखता आला होता.

'कट' झाल्यावर सगळे चहाला पांगायचे. मी आत आंधळी, उकाड्यानं जीव घाबरा, तोंडावर रबराचा वास. माझी मला चेन निघायची नाही. मी नुसती डावा हात बाजूला धरून उभी राहायची. मग कुठून तरी रसूलमामू यायचे, हात धरायचे आणि म्हणायचे, "आलो गं पोरी." स्टुलापर्यंत न्यायचे, चेन ओढायचे, पुठ्ठ्यानं वारा घालायचे. कॅमेरा तेव्हा बंद असायचा. मामूंना जाऊन किती वर्षं झाली. आणि मी हे जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं – नवऱ्यालासुद्धा नाही. त्यात हसायला जागाच नव्हती.

पडद्यावर ते पुन्हा चाललं, थांबलं, हात काढला. कुणी आलं नाही. परत पहिल्यापासून.

पुढचं लिहायला खरंच लाज वाटते. वर्षा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, नात शेजारी, आणि मी सत्तरीतली बाई... मी त्या राखाडी हाताखाली काचेवर माझा तळवा ठेवला आणि मामूंच्याच शब्दांत म्हणाले, "आलो गं पोरी."

वर्षानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टरला फोन करायच्या आधी पाहतात.

पुढच्या खेपेला जनावर चाललं, थांबलं. दोन्ही हात खाली. ऋतुजा दिवेलागणीपर्यंत तो व्हिडिओ फिरवत राहिली. हात पुन्हा निघाला नाही.

सोमवारी शॉट पास झाला. साहेब म्हणाले, आता वजन आलं. पोरगी नोकरीत कायम झाली. त्या हाताविषयी विचारलं की "सॉफ्टवेअरचा काहीतरी घोळ असेल" म्हणते, पण माझ्याकडे न बघता. वर्षा म्हणते, तिचं लक्ष माझ्याकडे होतं, पडद्याकडे नव्हतं. मेलेल्या माणसाचं भूत होतं म्हणतात. रसूलमामू दिसले असते तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण ही तर मी होते. मी जिवंत आहे, गुडघेदुखीसकट. आणि ती कातड्यातली पोर आत घाबरलेली असायची हे सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं, तरी उभा जन्म तिला सगळ्यात जास्त मीच हसले.

परवा जयसिंगपूरला भाच्याच्या मुलाचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर ओरडा सुरू झाला – आज्जी, भूत दाखवा. नाही म्हणवेना. पदर खोचला, चालले. माणसं हसायला लागली. शेवटाला पदर तोंडावर घ्यायचा, ही माझी ठरलेली गंमत. पण डावा हात आपोआप बाजूला गेला आणि तिथंच राहिला. नवीन गंमत समजून सगळे आणखीच हसले. मला हात खाली घेता येईना. भर मांडवात शरमेनं डोळे मिटून घेतले.

मग माझ्या हातात कुणाचा तरी हात आला. मेंदीचा वास, आईस्क्रीमच्या कपानं गार पडलेली बोटं.

"आलो गं पोरी," ऋतुजा कानाशी म्हणाली, आणि मला खुर्चीकडे न्यायला लागली.

वाटेत वायर नव्हती की फळी नव्हती. तरी मी डोळे मिटूनच, अंगठ्यानं चाचपत गेले.