पुसलेली दीडशे पानं

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीवर ब्लाउजपीस बघत होते. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मनात आलं ते एवढंच, की हा माणूस माझी माफी मागायचा राहिला तो राहिलाच. महिना झाला त्याला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, बुद्धवंदना झाल्यावर, एकेक जण उठून सांगत होता, विलासभाऊ किती हुशार, वस्तीतला कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की धावून जायचे. मी सख्खी धाकटी बहीण, पहिल्या रांगेत बसून दात-ओठ खात होते.

आमचे बाबा शेवटची काही वर्षं दादाकडे सक्करदऱ्याला होते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी ते दहा वर्षांचे. काटोलकडच्या आमच्या गावाहून आजोबांबरोबर नागपूरला आलेले. ते सगळं लिहून ठेवायचं त्यांच्या मनात होतं, पण हात कापायचा. मग दर रविवारी ते बोलायचे आणि मी दादाच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे. मी कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट. बोटं जुन्या टाइपरायटरच्या कळांना सरावलेली, म्हणून त्याच कळांवर चालणारा जुना मराठी फॉन्ट मी हट्टाने ठेवला होता. "युनिकोड शिकून घे वं, हा फॉन्ट दुसऱ्या मशीनवर दिसत नाही," दादा म्हणायचा. मी त्याला उडवून लावायचे. बाबा गेले तोवर दीडशे पानं झाली होती. छापायचं आज-उद्या करत राहून गेलं...

मग दादाच्या डोक्यात लिनक्सचं खूळ शिरलं. कॉम्प्युटर जुना, नवी विंडोज त्यावर चालेना, तर साहेबांनी तिच्याऐवजी पेनड्राइव्हवर लिनक्स आणलं. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं म्हणे. तसं आठवडाभर बघितलं, खूश झाला, आणि सगळी डिस्क पुसून ते टाकलं. फोटो काढून ठेवले, विम्याचे कागद काढून ठेवले. बाबांच्या फाइली नाहीत. मी गेले तेव्हा तो मला कौतुकाने दाखवत होता, बघ, किती लवकर सुरू होतं.

"बाबाच्या फाइली कुठं आहेत गा?"

"त्या खराब झाल्या होत्या वं. मी पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून उघडून पाहिल्या ना. नुसता एबीसीडीचा कचरा, एक अक्षर मराठी नाही."

"अरे, माझा फॉन्ट नव्हता त्या लिनक्समध्ये! म्हणून तसं दिसलं तुले!"

त्याने माऊस हातातून सोडला. मग म्हणाला, "तुले सांगितलं होतं मी." माफीच्या जागी हे वाक्य! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणा तो आणि बैल माझा गेला. डिस्क दुकानात नेऊन दाखवली, पण त्यावर नवं लिहिलं गेलं होतं, काही निघालं नाही.

त्यानंतर मी त्या घरात पाय ठेवला नाही. तो मात्र दर रविवारी फोन करायचा, आणि तोही माफीसाठी नाही. "कुंदा, बाबा पायी आले होते का बैलगाडीनं?" "संग अजून कोण होतं वं?" मी म्हणायचे, "आता काहून विचारून राहिला? तूच पुसलं, तूच आठव." आणि फोन ठेवून द्यायचे. वर्षभर असं चाललं.

गेल्या आठवड्यात वहिनीने बोलावून घेतलं. "कुंदाताई, एकदा पाहून घ्या. रोज काहीतरी लिहून राहिले होते ते." मला ते लिनक्स कुठलं चालवता येतंय, तिनेच फाइल उघडून दिली. बाबांची गोष्ट होती. दादाने स्वतःच्या आठवणीतून लिहायला घेतलेली, अकरा पानं, शुद्धलेखनाच्या नावाने शिमगा. मध्ये मध्ये जागा सोडलेल्या आणि प्रत्येक जागेत कंसात लिहिलेलं, 'कुंदाला माहीत आहे.'

"आता तरी राग सोडा," वहिनी म्हणाली. "तेवढं भरून टाका."

राग सोडलेला नाही, दादा. पण तू फोनवर विचारायचास तेव्हा मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. कचेरीत तीस वर्षं मी हेच केलं, कानावर पडेल ते बोटांतून कागदावर उतरवायचं, डोक्यात काही थांबू द्यायचं नाही. लोक माझ्या स्पीडचं कौतुक करायचे. बाबांनाही मी तसंच टाइप केलं. एकदा सांगता सांगता ते रडायला लागले. तू शेजारच्या खोलीतून धावत आलास, त्यांच्या पाठीवर हात ठेवलास. मी मान वर केली नाही, पुढच्या वाक्यासाठी बोटं कळांवर ठेवून थांबले होते... सातव्या पानावर तू तिथपर्यंत आला आहेस. गावी परत जाताना आजोबा बाबांना काय बोलले, जे आठवून ते रडले, तिथे दोन ओळींची जागा सोडून तू लिहिलं आहेस, कुंदाला माहीत आहे.

मला माहीत नाही, दादा. तेव्हाही नव्हतं.