रंगाखालचं लोखंड

नाकाडोंगरीच्या फाट्यावर वीरेंद्र शेठच्या वर्कशॉपात टिकाराम लेथवर उभा राहिला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता डोकं पांढरं झालंय, डाव्या करंगळीचं एक पेर मशीननं नेलंय. पण चिखल्याच्या खाणीकडचे ठेकेदार असोत, धानगिरणीवाले असोत की ट्रॅक्टरवाले, सगळे एकच सांगत, पिन बनवायची तर टिकारामच्या हातची. माणूस बोलण्यात कंजूष, कामात चोख. वर्कशॉपात कुणी खर्रा खाऊन थुंकला की हा काही न बोलता त्याच्या हातात पोतेरं द्यायचा. शेठचीसुद्धा त्यातून सुटका नव्हती.

वर्षातून एकदाच हा माणूस खुलायचा, दसऱ्याला. आदल्या दिवशी काम बंद. लेथ डिझेलनं धुवायची, पुसून लख्ख करायची, नवा रंग द्यायचा, झेंडूचे हार चढवायचे. पान्यापासून हातोडीपर्यंत प्रत्येकाला हळदकुंकू. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, यात कुणाचं काय गेलं? गावोगावच्या वर्कशॉपांत हेच चालतं, आणि चांगलंच चालतं.

त्या वर्षी मात्र डब्यात थोडा शेंदरी रंग उरला. टिकारामनं इकडेतिकडे पाहिलं तर रॅकमधल्या लोखंडी बारांची टोकं खरवडलेली, धुळकट दिसत होती. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोणतं लोखंड साधं आणि कोणतं कडक पोलाद, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून बारच्या टोकाला रंग लावलेला असतो. या वर्कशॉपात साध्याला निळा आणि कडकाला पिवळा. टिकारामला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण रॅक पुसायला त्यानंच बार खाली काढले होते, त्यानंच ते परत लावले होते, आणि कोणता कुठला हे आपल्या डोक्यात पक्कं आहे असा त्याचा भरवसा होता. त्यानं सगळ्या टोकांवरून शेंदरी कुंचला फिरवला. देवाला शेंदूर, मग लोखंडाला काहून नको, असं म्हणून हसलासुद्धा. शेठनं मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दिवाळीच्या तोंडावर मँगनीजच्या एका खासगी यार्डातून लोडरच्या पिनेची ऑर्डर आली. लोडरचा पुढचा, माल उचलणारा बकेट ज्या पिनेवर तोलला जातो ती पिन. तिला कडक पोलादच लागतं. टिकारामनं कडक बारांच्या खणातून एक बार ओढला आणि लेथवर चढवला. हत्यार लोण्यातून जावं तसं गेलं. त्याला वाटलं, हत्याराला आज धार चांगली लागली. पिन न्यायला यार्डातला हेल्पर टेकचंद आला. टेकचंद म्हणजे टिकारामचा शाळेच्या बाकावरचा सोबती. पिन हातात झेलत तो म्हणाला, "तुया हातची हाय ना, मग आता फिकीर नाई."

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरतात त्या दिवसांत, गावोगाव दंडारीच्या नाचगाण्याचे तंबू लागलेले असताना, ती पिन तुटली. टेकचंद वर उचललेल्या बकेटखाली वाकून ग्रीस भरत होता. पुढचं सांगवत नाही.

आपल्याकडे माणूस गेला की आधी कुणाला तरी धरतात, रडणं मागाहून. लोडर चालवत होता कमलेश, पोरसवदा, नुकतंच लग्न झालेला. त्यानं लिव्हरला झटका दिला असणार, रात्री मंडईत जागला असणार, घेतलेलीही असणार. बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावतो. कमलेश शपथेवर सांगत होता, "म्या लिव्हरले हातच नाई लावला." पोलिसांनी टिकारामला विचारलं. चहाच्या टपरीवर दहा माणसांसमोर तो म्हणाला, "माई पिन झटका देल्याबिगर तुटत नाई."

झालं. टिकारामनं म्हटलं म्हणजे संपलं. तो खोटं बोलला नव्हता. जे मनापासून मानत होता तेच बोलला होता. आणि मला विचाराल तर हेच जास्त वाईट. खोटं बोलणाऱ्यावर लोक निदान शंका तरी घेतात.

त्या एका वाक्यानं कमलेशवर आळ बसला तो बसलाच. यार्डानं त्याला घरी पाठवलं. तेरवीला तो टेकचंदच्या दारी गेला, तर टेकचंदच्या बायकोनं, उषाबाईनं, त्याच्या हातातला पाण्याचा गडवा काढून घेऊन सगळ्यांसमोर अंगणात ओतला. हळूहळू त्याचं बोलणंही बदललं. हात नाही लावला म्हणणारा पोरगा, "लावला बी असन, आता मले आठवत नाई," असं म्हणायला लागला. टिकाराम त्याला रस्त्यात दिसला की कमलेश मान खाली घालायचा. टिकाराम मान वर ठेवून जायचा.

मग विम्याच्या कंपनीनं नागपूरहून एक मुलगी पाठवली, प्रतिक्षा नावाची. हातात पिवळी पेटी, पेटीत पिस्तुलासारखं यंत्र. धातूवर नाक टेकवून चाप ओढायचा. आत काय काय मिसळलंय ते पडद्यावर येतं. भंगारवाले, सराफ, मोठे कारखाने, सगळीकडे आता हे यंत्र हिंडतं म्हणे. तुटक्या पिनेचे दोन्ही तुकडे घेऊन ती यार्डातून थेट वर्कशॉपातच आली.

"काका, थोडं ग्राइंड करून द्याल का? गंज आणि ग्रीस असलं की आकडे चुकतात."

टिकारामनं तुकडा हातात घेतला. टेकचंद गेल्यापासून त्या पिनेला त्यानं पहिल्यांदाच हात लावला होता. ग्राइंडरवर धरली, ठिणग्या उडाल्या, चकचकीत पृष्ठभाग निघाला. आपल्या पिनेचा त्याला अजूनही भरवसा होता. आकडे येऊ देत, एकदाचा निकाल लागू दे, असंच त्याच्या मनात होतं.

प्रतिक्षानं चाप ओढला. पडदा पाहिला. तुकडा फिरवून दुसऱ्या जागी पुन्हा ओढला.

"निकेल नाही, काका. क्रोमियमही नाही. कडक पोलादात दोन्ही पाहिजेत. हे साधं लोखंड आहे, जरासं मँगनीज आहे फक्त."

"मँगनीज त आमच्या मातीतच हाय," टिकाराम म्हणाला. आपण काय बोलतोय हे त्याचं त्याला कळत नव्हतं.

वीरेंद्र शेठ लगबगीनं पुढे आला. "पाहा मॅडम, माल देनाऱ्यानं फसवलं आमाले! पिवळ्या खुणेचा माल म्हनून दिला अन् साधा निघाला." शेठला सुटायची वाट दिसली होती, आणि ती टिकारामलाही दिसली. रुंद होती, दोघंही आरामात निघाले असते. माल देणारा कोण कुठला, दूरचा. त्याला कुणी बघितलेलंही नाही.

प्रतिक्षा रॅकपाशी गेली. ज्या बारातून पिन कापली होती त्याचा उरलेला तुकडा खणात होता. शेंदरी टोकावर तिनं यंत्र टेकवलं आणि मान हलवली. "रंगाचेच आकडे येतात. हाही घासावा लागेल."

टिकारामनं ग्राइंडर अगदी हलका धरला. शेंदरी थर उडाला. त्याखालून निळा निघाला.

टिकारामला टेकचंदचा चेहरा दिसला नाही, उषाबाईचा दिसला नाही. दिसला तो मान खाली घालून कडेनं जाणारा कमलेश.

"वरचा रंग कोणी दिला?" प्रतिक्षानं विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला फक्त लिहायचं होतं.

शेठ डोळ्यांनी खुणावत होता. टिकाराम म्हणाला, "म्या. दसऱ्याले. बार बी म्याच लावले परत. माल देनाऱ्याचा काई दोष नाई."

"टिकाराम, पागल झाला काय तू?" शेठ ओरडला.

"लिवा मॅडम. टिकारामनं रंग देल्ला, असं लिवा."

रॅकमधला प्रत्येक बार त्यानं तिच्यासमोर घासून दिला. आणखी एकही चुकीच्या खणात नव्हता. तेवढा एकच होता. ती निघताना त्यानं विचारलं, हे गावात कधी कळेल? ती म्हणाली, रिपोर्ट कंपनीकडे जाईल, मग यार्डाकडे, मग पोलिसांकडे, वेळ लागतो. टिकारामनं हात धुतले आणि सायकल काढली. रिपोर्ट इंग्रजीत असणार, आणि उषाबाईच्या अंगणात तो कोण वाचून दाखवणार होतं?

आधी तो कमलेशच्या घरी गेला. पोरगा ओट्यावर बसला होता.

"चाल माया संग, टेकचंदच्या घरी."

"मी नाई येत काका. त्या मावशीले मी दिसलो का तिले तरास होते."

"तुयी चूक नोती. माई होती. चाल."

कमलेश उठला आणि सायकलीच्या मागे मागे पायीच चालू लागला. टिकारामनंही खाली उतरून सायकल हातात धरली.

उषाबाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. कमलेशला पाहून तिचं सूप थांबलं. टिकारामनं उभ्याउभ्याच सांगितलं. दसरा, रंग, निळा आणि पिवळा, लेथवर हत्यार लोण्यातून गेल्यासारखं गेलं तेही. टपरीवर आपण काय बोललो तेही. त्यानं काही गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "वहिनी, पोरानं काईच नाई केलं. टेकचंदले माया पिनेनं मारलं, मंग या पोराले माया जिभेनं मारलं."

कमलेश मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला. एवढ्या दिवसांत त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. ज्याच्यावर आळ असतो त्याला रडण्याचीही चोरी. सूप खाली ठेवून उषाबाई आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. कमलेशच्या समोर उकिडवी बसून तिनं तो त्याच्या हातात दिला.

"पे, बाबू. तोंड धू. अन् जेवून जा. भात होतेच आता."

ती पुन्हा आत गेली. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनं ओसरीवर पाट मांडला. एकच पाट. कमलेशला हात धरून तिनं त्यावर बसवलं.

टेकचंदबरोबर टिकाराम या ओसरीवर किती वेळा जेवला असेल. या घरात त्याला कधी बस म्हणावं लागलं नव्हतं, तो आपणहून बसायचा. आज तो अंगणात सायकल धरून उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. उषाबाई भात वाढत राहिली, कमलेश जेवत राहिला, आणि पोराचं ताट रिकामं होईपर्यंत टिकाराम तिथून हलला नाही.