माझ्या सोप्यावर आलेली भांडी

भांड्यांना पाय नसतात, तरी ती घरोघरच्या गोष्टी घेऊन माझ्या दारात येतात. गोव्यातल्या कोरगावात मी कल्हई करतो, पोचे काढतो, धार लावतो. शाळा माझ्या वाट्याला आली नाही. पण दारातल्या दगडी सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, जे बोलणं चालतं, ते ऐकून हातातली हातोडी कितीदा थांबली, काय सांगू!

सुरुवात केली आमच्या पेन्शनर मास्तरांनी. सहज म्हणाले, "जीवन म्हणजे काय, कुणी सांगेल?"

खाणीवर ट्रक चालवून म्हातारा झालेला गजा तिथंच होता. त्यानं माझ्यापुढचा काळाकुट्ट टोप उचलला. "ह्यां! भायर काळां, कारण रोज चुलीर. भितर मात्र लखलखीत होया!"

मी कल्हई झालेल्या त्या टोपात चार तांदूळ टाकून तो न्यायला आलेल्या मालकिणीला दिला. दुरुस्त झालेलं भांडं रिकामं घरी न्यायचं नाही, ही आमची रीत.

* * *

मग गजाला चेवच आला. "राग म्हणजे प्रेशर कुकर! शिटी मारता तो बरो. गप ऱ्हवता, तेका भियाचां!"

"आणि तुझी बायको?" मास्तरांनी विचारलं.

गजानं इकडंतिकडं बघितलं. "मास्तर, ती शिटी मारीना हो!"

* * *

मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागली, तेव्हाची गोष्ट. हरमलचा एक खोल्या भाड्यानं देणारा नवाकोरा तांब्या घेऊन आला. म्हणाला, "अंकल, ह्याला थोडे पोचे मारून द्या. पाहुण्यांना जुना माल आवडतो."

मास्तर हसले. "पोचे मारून मिळत नाहीत रे बाबा. त्यासाठी पडावं लागतं!"

गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे!

* * *

शेजारच्या वाड्यावरची पार्वतीकाकी आडाळ्याला धार लावायला आली होती. पाटावर बसून भाजी चिरतात, तो आडाळा. गजानं तिलाही गाठलं. "काकी, धीर म्हणजे काय गो?"

ती म्हणाली, "सुरी धावता. आडाळो जाग्यार बसता, कापूचां तां आपणच तेच्याकडे येता."

चाळीस वर्षं मी आडाळ्यांना धार लावतोय. एवढं माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं!

* * *

ह्याच काकीचे दोन मुलगे. बाप गेल्यापासून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घर वाटलं, काजूची झाडं वाटली, आई आठ दिवस इकडे, आठ दिवस तिकडे. उरलं होतं न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण. ते दुसऱ्याकडे राहिलेलं एकालाही चालेना. शेवटी थोरला ते टेंपोत घालून माझ्याकडे आला.

"काका, मधोमध कापा."

"बाबा, अर्ध्या भाणात पाणी ऱ्हवात?"

"तांबां ऱ्हवात!"

मी भाण उतरवून घेतलं. म्हटलं, "सोमवारी ये."

सोमवारी दोघंही आपापला अर्धा न्यायला आले. एक सोप्याच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मागोमाग कमरेवर कळशी घेऊन काकी.

"कापलंस?" तिनं मला विचारलं.

"नाय गो. हात चलना. पोचे काढले, चिंचेन घासलां."

"म्हणजे दुरुस्त झालां?"

"झालां."

"मगे रिकामां व्हरूचां नाय."

रिकामं न न्यायची आमचीच रीत मला ऐकवून ती माझ्या विहिरीवर गेली. एक कळशी आणून भाणात ओतली. मग दुसरी. मग तिसरी. गजा मदतीला उठला, तर तिनं नुसतं बघितलं. तो परत बसला. भाण गळ्यापर्यंत भरलं. काकी सोप्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"आता जेचां आसा, तेणां व्हरूचां."

थोरल्यानं एक कडी धरून ओढली. भाण हललं नाही. पुन्हा ओढली. पाण्यावर नुसती एक लाट आली. मी भाता थांबवला.

बऱ्याच वेळानं धाकटा आला आणि त्यानं दुसरी कडी धरली.

भाण उचललं गेलं. दोघं एकमेकांकडे न बघता चालले. वळणावर पाणी हिंदकळलं, तेव्हा धाकट्याचा आवाज आला, "दादा, सवकास!"

मागून काकी रिकामी कळशी घेऊन चालली होती.