लांब निघालात?

समजा, तुम्हाला समुद्रात एक जागा शोधायची आहे. होडी वल्ह्याची आहे, तुम्ही एकटे आहात आणि किनारा सोडून तासभर झाला आहे. जागा पाण्याखाली आहे, वर नुसत्या लाटा. तिथे काठी रोवता येत नाही, दगड ठेवता येत नाही. मग काय कराल? मागे वळून गावाकडे बघा. डोंगरावरचं एक झाड आणि त्याच्या खालचं एक कौलारू छप्पर नेमकं एकाखाली एक येईपर्यंत वल्ही मारत राहा. ही झाली एक रेघ. आता उजवीकडे बघा. डोंगराच्या खांद्यावरची खाच आणि पाण्यातून वर आलेला एक काळा दगड, हे दोन्ही एका ओळीत आले की दुसरी रेघ. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे वल्ही आत घ्या आणि गळ सोडा. खाली खडप आहे, म्हणजे बुडालेला खडक. खडपावर तांबोशी असते, लालसर मोठा मासा.

कोणतं झाड आणि कोणतं छप्पर, ते इथे लिहिलेलं नाही. केरूने ते कुणाला सांगितलेलं नाही.

केरू केळशीचा. वय अडुसष्ट, शाळा चौथीपर्यंत, होडी लाकडाची आणि बिनइंजिनाची. खडप त्याला त्याच्या मामाने दिलं. दिलं असंच म्हणायचं, कारण मामाकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. मामाने त्याला होडीत घालून तिथे नेलं आणि खुणा दाखवल्या त्या हनुवटीने. बोट दाखवायचं नाही, दुसऱ्या होडीतला माणूस बोटाच्या मागे बघतो. "एकालाच सांगायचं," मामा म्हणाला. "ते पण तिथं नेऊन. घरात बसून नाय." केरू तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं त्याने ती जागा डोळ्यांत जपली.

पहाटे तो निघायचा तेव्हा त्याची बायको मथुरा पडवीच्या खांबाला हात लावून उभी असायची. फडक्यात बांधलेली भाकरी हातात द्यायची आणि विचारायची, "लांब?"

"हां, जरा."

एवढंच. निघणाऱ्या माणसाला 'कुठे' विचारायचं नसतं, हे केळशीत लहान पोरांनाही माहीत आहे. विचारलंच कुणी, तर निघालेला माणूस मागे फिरतो, तांब्याभर पाणी पितो, घटकाभर बसतो आणि मग पुन्हा निघतो. समुद्रावर निघालेला तर त्या दिवशी निघतच नाही. म्हणून 'लांब?' विचारायचं. त्यात काळजी येते, चौकशी येत नाही.

मथुरेला सगळं कळायचं, ते वेगळं. टोपलीत तांबोशी दिसली की ती मासा उलटापालटा करून बघायची आणि म्हणायची, "आज बराच लांब गेलेलास." मग मिरची वाटायला बसायची. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, तिने कधी त्यापलीकडे विचारलं नाही. दापोलीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात केरू तिच्या खाटेजवळ बसला होता. त्याला एकाएकी वाटलं, हिला सांगून टाकावं. "मथुरा, ती तांबोशीची जागा हाय ना..." त्याने सुरुवात केली. तिने हात वर केला. "मी इचारलं काय तुला?" ती म्हणाली. मग जरा हसून म्हणाली, "एकदा न्यायचं होतंस. मामा म्हणालेला ना, तिथं नेऊनच सांगायचं."

केरूने तिला नेलं. दहाव्यानंतर, मडक्यातली राखेची एक मूठ बाजूला काढून, एकटाच. मुंबईला असलेल्या त्याच्या मुलींनाही ते माहीत नाही. दोन्ही रेघा जुळल्या तिथे त्याने वल्ही आत घेतली, फडकं सोडलं आणि पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं, हे झाड, हे छप्पर, ही खाच, हा दगड. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून त्याने बोटही दाखवलं.

त्यानंतर चार वर्षं तो महिन्यातून दोनदा तरी तिथे जात होता. कधी गळ सोडायचा, कधी नुसता बसायचा. घरी आल्यावर टोपली रिकामी असली तरी त्याला काही वाटत नसे.

मग बंदरावर टोकन आलं, म्हणजे समुद्रात जायची रोजची चिठ्ठी. जेटीवर पत्र्याची टपरी उभी राहिली आणि तिच्यात मत्स्य खात्याने नेमलेला सुरक्षारक्षक बसू लागला. होडीचा नंबर, माणसं किती, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ. केरूची याला हरकत नव्हती. वाईट माणसं समुद्रातून येऊ शकतात, हे त्यालाही पटत होतं. गेल्या हंगामात मात्र नवीन तक्ता आला आणि त्यात एक रकाना वाढला. त्याच सुमारास रक्षकही बदलला. नवा माणूस घाटावरचा, स्वभावाने गरीब, समुद्र पहिल्यांदाच बघत होता.

"काका, नाव?"

"केरू."

"माणसं किती?"

"मोज."

रक्षकाने होडीकडे पाहिलं आणि एक लिहिलं. वेळ लिहिली, टोकन दिलं. मग नव्या रकान्यावर पेन ठेवून अगदी अदबीने विचारलं, "कुठे जाणार?"

मागे उभ्या असलेल्या एकाने कपाळावर हात मारला. केरूने टोकन खिशात घातलं, होडीची दोरी धरली आणि होडी पुन्हा वाळूवर ओढली. घरी आला, पाणी प्यायला आणि तुटलेले गळ बांधत पडवीत बसला. रक्षक तोवर पुढच्या होडीकडे वळला होता. त्याच्या तक्त्यात केरू निघाला होता.

दिवस कलायला लागला तेव्हा बंदरावर आरडाओरड ऐकू आली. केरू पडवीतून उठून खाली धावला. पोलिसांची बोट खाडीच्या तोंडाशी घिरट्या घालत होती. "कोण गेला?" त्याने विचारलं. कुणालाच नक्की माहीत नव्हतं, नुसता नंबर कळला होता. केरूला स्वतःच्या होडीचा नंबर पाठ नव्हता. तो खात्याने रंगवलेला, केरू तिला नुसतं 'होडी' म्हणायचा. तो पण गुडघाभर पाण्यात उतरला आणि डोळ्यांवर हात धरून अर्धा तास समुद्र धुंडाळत उभा राहिला. पोलिसांना त्याने वारं कुठून आहे आणि ओहोटीने होडी कुठल्या बाजूला ओढली जाईल तेही समजावून सांगितलं. मग धापा टाकत रक्षक तक्ता घेऊन आला आणि त्याने नाव वाचलं.

"केरू? अरे, हा काय केरू! तुमच्या शेजारी उभा हाय!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं बंदर हसलं.

पोलीस साहेब हसले नाहीत. "आजोबा, सांगायचं ना!"

"काय सांगायचं, साहेब? मी घरी हाय ते?"

"का नाही गेलात?"

"निघताना इचारायचं नसतं, ते ह्याने इचारलं."

साहेबांनी रक्षकाकडे पाहिलं, रक्षकाने तक्त्याकडे. रकाना खरोखरच होता.

पंधरा दिवसांनी आदेश आला. आता वल्ह्याच्या होड्यांनाही ठावठिकाणा सांगणारं यंत्र. यंत्र नसेल तर नंबर रद्द, नंबर नाही तर टोकन नाही. ते बसवायला समीक्षा आली. वरच्या गावची, चोवीस वर्षांची, रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, एका कंपनीकडे कंत्राटावर. स्कूटीच्या पायाशी खोका ठेवून ती एकेका बंदरावर फिरत असे. चहाच्या डब्याएवढं यंत्र तिने होडीच्या मागच्या टोकाला चार स्क्रूंनी बसवलं. हिरवा दिवा लागला.

"झालं, नाना. आता हे दर पंधरा मिनिटांनी सांगणार तुम्ही कुठे आहात ते."

"कुणाला?"

"सिस्टिमला."

"ती कोण बाय?"

समीक्षा हसली. "बाई नाही हो. कॉम्प्युटर. तुम्ही बुडालात, वादळात सापडलात, तर लगेच कळेल. तुमच्याच चांगल्यासाठी आहे."

केरूला ती खोटं बोलत नाही हे कळत होतं. त्याचे दोन सोबती वादळात गेले होते आणि त्यांचे देहही मिळाले नव्हते. तेव्हा असा डबा असता तर? हा प्रश्न त्याने स्वतःला बऱ्याचदा विचारला होता. म्हणूनच तो समीक्षेशी भांडला नाही. तिला नारळाचं पाणी दिलं.

दुसऱ्या आठवड्यात त्याला बाबू भेटला. बाबूची इंजिनाची होडी आहे आणि वीस वर्षांपासून त्याला केरूची तांबोशी कुठून येते ते जाणून घ्यायचं आहे. एकदा तो मागोमाग आला होता. केरूने त्याला दिवसभर भर समुद्रात गोल गोल फिरवलं आणि संध्याकाळी हात हलवून निरोप दिला. त्यावर दोघेही अजून हसतात.

"काय नाना, काल खाडीच्या तोंडाशी दोन तास काय करत होतास? झोपलेलास काय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या ठिपक्याने. मच्छीमार सोसायटीत टीव्ही लावलाय नवा. सगळ्यांचे ठिपके दिसतात. चहा पिताना बघत बसायचं." बाबू डोळा मिचकावून म्हणाला, "आता कधी जातंस तांबोशीला? सांगू नको हां. मी बघेन."

बाबू गंमत करत होता. केरू पण हसला. पण त्या दिवसापासून तो खडपाकडे गेला नाही. खाडीच्या तोंडाशी, सगळे बसतात तिथे गळ सोडून बसू लागला. शेंगाळे मिळायचे. तिथून त्याला डोंगरावरचं ते झाड दिसायचं आणि ते छप्परही, पण दोन्ही एकमेकांपासून फटकून, हातभर अंतरावर. तो त्या अंतराकडे बघत बसायचा. पाच महिने झाले. समुद्र रोज तोच होता, होडी तीच होती, हातपाय धड होते. निघताना पडवीच्या खांबाकडे त्याची नजर जायची. आता तिथे 'लांब?' विचारायला कुणी नव्हतं आणि तो लांब जातही नव्हता.

फाल्गुनात समीक्षा तपासणीला आली. स्क्रू घट्ट करता करता म्हणाली, "नाना, तुमचं यंत्र अगदी छान चालतंय. रोज एकाच जागी दिसता."

"हे थोडा वेळ बंद ठेवता येतं काय? अर्धा तास?"

"बंद केलं की तिकडे लाल दिवा लागतो. पुन्हा पोलीस येतील तुम्हाला शोधायला." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काही जण काढून घरी ठेवतात. मी काही बोलत नाही. स्क्रू कसे काढायचे दाखवू?"

केरूने हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"नको, बाय."

"का? कुणाला कळणार नाही."

"डबा घरी ठेवला, तर मी घरी हाय असं ते सांगणार. ते खोटं झालं. मी चोर हाय काय? मला खोटं सांगायचं नाय. मला सांगायचंच नाय. दोन्ही एकच काय?"

समीक्षेच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. डिप्लोमाच्या तीन वर्षांत हा फरक तिला कुणी विचारला नव्हता. यंत्रालाही तो कळत नव्हता. यंत्रात दोनच गोष्टी होत्या, सिग्नल आहे किंवा सिग्नल नाही. 'आहे, पण सांगत नाही' अशी तिसरी सोय कुणी केलीच नव्हती.

"नाना, असं काय आहे तिथे?" तिने विचारलं, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. तिची आजीही दारातून निघणाऱ्याला 'लांब?' म्हणायची. "राहू दे. नका सांगू."

केरूला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी विचारायचं थांबलं होतं.

त्याने तिच्याकडून एक अर्ज लिहून घेतला. यंत्र काढा असं त्यात नव्हतं. वाईट माणसं येतात, वादळं येतात, ते त्याला मान्य होतं. त्याने एवढंच विचारलं होतं, की माझा ठिपका कोण बघतं, आणि बघून कुणाकुणाला सांगतं. अर्ज दापोलीला गेला, तिथून रत्नागिरीला. दीड महिन्याने परत आला, वर लिहून, 'अर्जदाराची विनंती स्पष्ट होत नाही.' समीक्षेने स्वतः कंपनीत फोन केला. तिकडून सांगितलं, माणूस कुणी बघत नाही, सिस्टिम बघते.

"माणूस नाय बघत, तर बाबू कोण?" केरू म्हणाला. "आणि ते पोलीस कोण?"

समीक्षेने खोका स्कूटीवर चढवला.

"बाय," केरूने मागून हाक मारली. होडीच्या काठावर बसून तो किनाऱ्याकडे बघत होता, झाडाकडे आणि छपराकडे. "मथुरेने एकोणचाळीस वर्षांत मला कधी इचारलं नाय. मी पण जन्मात कुणाला इचारलं नाय, तो शब्दच तोंडात आणला नाय. पण आता एकदा इचारतो. तू वरच्या हापिसात जाशील तेव्हा त्यांना इचार. मी तिथं एकटा बसलेला असताना मला जो बघेल, तो माणूस कुठं बसतो?"